अनारशावरची खसखस

“कुंदा, पाण्यात टाक, दुधात टाक, लोणच्यात टाक. पण ती तुळस घेऊन माझ्या दुर्बिणीजवळ येऊ नको!”

“ओरडू नका, वेध लागले.” कुंदाताईंनी अनारशांच्या डब्यात पान ठेवून झाकण लावलं. “एकच डोळा राह्यला, तोबी आज जाळून या वरतून.”

“अवं, दुर्बिणीच्या तोंडाले फिल्टर लावला हाय! डोळ्याले काही होत नाही, हजारदा सांगितलं तुले!”

“हजारदा ऐकलंबी.”

दीनानाथरावांनी कपाळावर हात मारला. आर्णीच्या तहसीलमध्ये जन्मभर कारकुनी केलेल्या या माणसाला हौस एकच, आकाशाची. डावा डोळा साखरेनं खाल्ला होता. उजव्याचं काय चाललंय ते बायकोला सांगत नसत, स्वतःलाही नाही. ग्रहणाचा एक फोटो आपल्या हातानं काढायचा, एवढंच राहिलं होतं. मागची दोन ग्रहणं मेल्या ढगांनी गिळली आणि पुढचं यायला कैक वर्षं. आज लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी बुडत्या सूर्याला ग्रहण, आभाळ लख्ख. आज नाही तर मग कधीच नाही.

गच्चीवर त्यांनी सवयीच्या हातांनी दुर्बिणीला कॅमेरा जोडला आणि सूर्य पडद्यावर घेतला. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवर किसनराव आपल्या गुडघ्याच्या एक्स-रेची फिल्म डोळ्यांसमोर धरून उभे दिसले.

“किसनराव, खाली ठेवा ते! गुडघ्यातून सूर्य पाहून राह्यले काय? डोळे फुटतीन!”

“मंग कायच्यातून पाहू, भाऊ?”

“इकडं या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहा. आंधळं व्हायची एवढी काय घाई!”

किसनराव कठडा ओलांडून आले. दीनानाथराव बटण दाबत होते आणि खुशीत बडबडत होते. “पाहा, अर्धा गेला! पेपरवाले म्हणे, पाव भाग झाकन! त्यायले काय कळते? अन् मोबाइलवरचे शहाणे म्हणतात, यंदा सूर्यावर लई डाग. कुठं हायेत? दोन वर्षं झाली, कोरा करकरीत हाय!”

किसनराव पडद्यावर वाकले. “भाऊ, इकडून चंद्र खाऊन राह्यला, समजलं. पण तिकडून काय हाय? पानावाणी दिसते. देठबी हाय त्याले.”

दीनानाथरावांनी डोळा पडद्याला टेकवला. पिवळा गोळा दिसला, दोन बाजूंनी झिजलेला. देठबीठ काही दिसेना. त्यांनी कॅमेरा काढला, त्या जागी नळीत बोट घातलं. हाताला तुळशीचं पान लागलं.

“कुंदा!”

कुंदाताई डोक्यावर पदर घेऊन जिन्याच्या दाराशी आल्या, उंबऱ्याच्या आतच थांबल्या. “तुमच्या डोळ्यासाठीच ठेवलं जी.”

“हंड्यातलं पान सूर्यात टाकलं! सारे फोटो नासले! तीन ग्रहणं वाट पाहिली मी, अन् घरच्या बाईनं माती केली!”

“पण इतके फोटो काढले,” कुंदाताई हळूच म्हणाल्या, “अन् तुम्हाले ते दिसलं नाही?”

किसनराव एक्स-रे गुंडाळून आपल्या गच्चीवर गेले. दीनानाथराव पान बोटांत चुरगाळत राहिले. सूर्य कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यावर टेकायला आला होता.

कुंदाताईंनी पदर कमरेला खोचला आणि उंबरा ओलांडला. जन्मात पहिल्यांदा त्या ग्रहणात उघड्यावर आल्या. “सरा. काय फिरवाचं ते सांगा.”

“तू? ग्रहणात?”

“बोलत बसाल तर बुडन तो.”

दीनानाथरावांनी चाचपत कॅमेरा पुन्हा बसवला. “हे चाक. हळू! पुरणयंत्र हाय काय ते? काठ तासल्यावाणी दिसला की थांब.”

“खेकसू नका, हात हालते माहा.” मग कुंदाताई एकदम थांबल्या. “दिसला! व्वा! अनारशाचा घास घेतल्यावाणी दिसते जी.” त्यांनी बटण दाबलं. “अन् खसखसबी हाय त्याच्यावर.”

“काय हाय?”

“बारीक काळे ठिपके. इथं एक, तिथं दोन जोडीनं. काचेवर कचरा हाय काय? पुसू?”

दीनानाथरावांनी कठडा घट्ट धरला. दोन वर्षं ते गल्लीभर सांगत हिंडले होते, सूर्य कोरा आहे.

“नको पुसू,” ते म्हणाले. आवाज पार उतरला होता. “डाग हायेत ते. सूर्याचेच. तू बटण दाबत राह्य. अन् मले मोठ्यानं मोजून सांग.”

सूर्य पत्र्याआड जाईपर्यंत कुंदाताई मोजत होत्या. दीनानाथराव त्यांच्या खांद्याशी उभं राहून ऐकत होते.