तांब्याची जाळी

"पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल बंद. आता काय, माझा श्वास बंद करू?" कल्पिता स्क्रीनवरच ओरडली.

"टाकीची मोटर पण बंद केली मॅडम," प्रयोगशाळेचे दयारामकाका म्हणाले. "प्रिन्सिपल सरांच्या तोंडाला साबण हाय."

अलिबागजवळच्या या कॉलेजात पाच वर्षं तिचं एकच काम चाललं होतं. इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर चालणारं, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढं, नखाएवढ्या चिपवर बसवलेलं उपकरण. त्यातल्या प्रवाहाची खरखर चुंबकाने ताब्यात आणायची. अकरा उपकरणं जळाली. हे बारावं, शेवटचं. काल स्क्रीनवरची रेघ जवळपास सरळ झाली होती. आज ती भरतीतल्या होडीसारखी उसळत होती. आणि चार वाजता पुण्याचे परीक्षक येणार. खरखर कमी दिसली तरच पीएचडी.

सकाळपासून तिने पहिल्यांदाच स्क्रीनवरची नजर काढली आणि उपकरणाकडे पाहिलं. ते उघडंच.

"काका, जाळी? बाहेरच्या विजेची लुडबुड अडवणारी तांब्याची जाळी?"

जाळी गच्चीवर होती. तिच्याखाली जवळा, बारीक कोळंबी, वाळत होता. शेजारी झाडूवाल्या ठमीमावशी, जवळच्या थळ गावच्या.

"अगो, कावले खातान. तुजी जाली कशी बारीक, येक जवला भायेर जात न्हाय."

"मावशी, ती माझी पीएचडी आहे!"

"मंग? जरा जवल्याव झाकली, काय बिघरलं गो?"

दयारामकाकांनी मदत म्हणून जाळी ओल्या फडक्याने पुसली. चाराला दहा कमी असताना कल्पिताने ती बसवली. कोपऱ्यातून एक खारट थेंब खाली उपकरणावर पडला. टिच्.

रेघ सपाट झाली.

"बसली! मॅडम, खरखर बसली!" काका नाचले.

परीक्षक नाकाला रुमाल लावूनच आत आले. स्क्रीन बघून रुमाल खाली आला.

"वा! खरखरच नाही! एवढी वर्षं परीक्षक आहे, असं कधी पाहिलं नाही." त्यांनी पेन काढलं.

काकांनी मागून ओठांवर बोट ठेवलं. कल्पिता पेनकडे बघत राहिली. टोपण उघडलं. पेन कागदाला टेकणार...

"सर, थांबा. उपकरण मेलंय. मेलेल्यात खरखर नसते."

परीक्षकांनी टोपण परत लावलं.

ते गेल्यावर ठमीमावशी दारात जवळ्याची पुडी घेऊन उभ्या राहिल्या. "कांद्याव परत हां, गो."

कल्पिताने चिमट्याने उपकरणाची चिप उचलली, डबीत आधीच्या अकरांच्या शेजारी ठेवली, तिच्यावर बारा लिहिलं. जाळी कोरडी पुसली आणि रिकाम्या जागेवर नीट बसवली.

जाळीत एक जवळा अडकला होता. तो तिने तसाच राहू दिला.