मुराळी निघाला

वैशाखाचे ऊन वाळूवर पडले होते, पितळेच्या परातीवर पडावे तसे. झगझगीत, निःशब्द, निर्दय. नदी आटून ओंजळभर उरली होती. त्या रुंद, रित्या, रुपेरी पात्रात हौसाच्या टरबुजांच्या वेली हिरव्या ओळींसारख्या पसरल्या होत्या.

तीन महिने तिने ही वाडी वाढवली होती. वाळूत चर खणले, चरांत खत भरले, घागरी-घागरींनी पाणी घातले. आता फळे भरली होती. टिचकी मारली की आतून गंभीर, ओला, गोड नाद येत होता. उद्या आखाजी. परवा तोडणी.

आखाजी म्हणजे लेकींचा सण. गावोगावी निंबांना झोके लागतात, आणि सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा मुराळी येतो. लग्नानंतरच्या दोन्ही आखाजींना हौसाकडे कोणी आले नव्हते. दादा विसरला, असे तिने स्वतःला सांगितले होते; आणि ते सांगणे बाभळीच्या काट्यासारखे तिच्या उरात मोडून राहिले होते.

तिचे माहेर उगमावर होते, दूर, निळ्या डोंगरावर. तिथे तिचा दादा गेनू सरकारी पर्जन्यमापक सांभाळायचा आणि उरलेला वेळ आकाश वाचायचा. पाठवणीच्या दिवशी तो गाडीशी येऊन हळूच म्हणाला होता, "इकडं ढग बसला की पाणी तुझ्याच दारी येणार. तेही माहेरचा मुराळीच. मी निरोप धाडीन, मुराळी निघाला. तू मागं न बघता वाळू सोडायची." ती रडता रडता हसली होती. ते शब्द दोघांचेच होते. दोन उन्हाळे तो ढग बसला नव्हता.

आज तो बसला.

सकाळपासून डोंगरावर वारा मेला होता. दुपारी एक ढग उभा राहिला, कापसाच्या गंजीसारखा, गंजीवर गंज. मग त्याचा माथा सपाट झाला, पसरला, लोहाराच्या ऐरणीसारखा. गेनू पाहत राहिला. चालणारा ढग शिंपून जातो. बसणारा ढग ओतून जातो. हा हलत नव्हता. पहिला गार, टपोरा थेंब कपाळावर फुटला तेव्हा त्याने मनात वाट मोजली, ओढा, घळ, नदी, वाळू. दोन तास. त्याने फोन लावला.

घरातला एकुलता एक फोन हौसाच्या नवऱ्याच्या, रंगनाथच्या, खिशात असे. तो दरडीवर बाभळीखाली बसून फळांखाली घालायचा पेंढा सोडवत होता.

"दाजी, हौसाला लगेच सांगा, मुराळी निघाला."

पलीकडे कडकडाट झाला, आणि आवाज तुटला.

रंगनाथने खाली पाहिले. एवढी फळे, आणि हात मोजून चार. त्यांतले दोन माहेरी झोका घ्यायला जाणार. त्याने फोन खिशात टाकला.

"कोणाचा हो?" वाळूतून हौसाने विचारले.

"कंपनीचा. फोनला गाणी लावू का म्हणत होती."

ती हसली. मग तिची नजर क्षितिजावर गेली. दूर डोंगराच्या माथ्यावर काजळाचे एक बोट ओढले होते. "दादाच्या डोंगरावर ढग दिसतोय."

"वळीव तो. बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसरं कोरडं. तू वेल सावर."

तिच्या माथ्यावर आकाश निळे होते, निष्कलंक, निरागस. भ्यायचे असते तर दादाचा निरोप आला असता, ती मनाशी म्हणाली. आणि त्या विश्वासाने ती वाळूत वाकली.

ऊन कलले. ओंजळभर पाणी आधी तांबूस झाले. मग फेसाची एक रेघ आली, आणि रेघेवर ओली, हिरवी, रुंद पाने. हौसाने एक उचलले. मोहाचे पान. या काठावर मोह नव्हता. मोह होता माहेरच्या अंगणात.

तिने मागे पाहिले नाही. वाळू पाय धरत होती, ती पाय सोडवत होती. दरडीतले बाभळीचे मूळ हाती आले, आणि पायाखालून गर्जना गेली.

वर निळे आकाश. खाली तांबडे, उन्मत्त, उसळते पाणी. टरबुजे उठली, वळली, एकमेकांवर आदळत, हिरवी हिरवी, निघून गेली. तीन महिने एका श्वासात वाहून गेले.

रंगनाथ पांढरा पडला होता. "पण गेनूदादा तर म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"मुराळी निघाला म्हणाला. मला वाटलं, तुला न्यायला येतोय. परवा तोडणी, म्हणून..."

हौसाने मोहाचे पान मुठीत आवळले. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, "मागच्या आखाजीलाही निघाला होता?"

रंगनाथने खिशातला फोन चाचपला.

"आणि त्याच्या आधी?"

त्याने पेंढ्याची एक काडी मोडली.

"मी त्याला सांगितलं," तो म्हणाला, "तुलाच यायचं नाही म्हणून."

ती रडली नाही. उरातला तो जुना काटा निघाला होता, आणि त्याच्या जागी दुसरा, खोल, रुतला होता. तिने पदर पिळला, खोचला. मोहाचे पान अजून मुठीत होते.

दरडीवरून ती उगमाकडे चालू लागली. मागून एकदा हाक आली, मग आली नाही. डोंगरावर काजळ विरत होते. शेजारून तिचा मुराळी तिला न घेताच खाली चालला होता, गर्जत, गढूळ, रिकाम्या हाताने. आणि ती एकटी, काठाकाठाने, वर चालली होती.