कुत्र्याचं घर, क्रमांक सात

तो कुत्रा मले पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. नाई तं लोक म्हनतील, रुख्माबाईनं कुत्र्यासाठी पंचायतीत जाऊन भांडन केलं, तिले भलताच लळा असन. लळा-बिळा काई नव्हता. माह्या दारात तो न बोलावता आला होता.

दोन वर्षांआधी माह्या पोराचं, हेमेंद्रचं लगन झालं. सून खामटोल्याची, गुंजन नावाची. आमचा बोरटोला अन् तिचा खामटोला, मधात एक तलाव. तलावाच्या पाळीवरून चाललं तं अर्धा तास लागते. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तं आंगनात एक भुरकट कुत्रा बसून राहिला. गुंजन त्याले पाहून रडली बी अन् हसली बी. "आई, भुऱ्या आला," म्हने. मी म्हनलं, "आंदनात कुत्रा मांगतला नव्हता आमी."

तवापासून त्यानं नेमच धरला. सकाळी पाळीवरून खामटोल्याले जायचं, दिवसभर गुंजनच्या बापापाशी राह्यचं, दिवस बुडायच्या आत आमच्या आंगनात हजर. एस.टी. चुकन, भुऱ्या नाई चुकनार.

गुंजनचा बाप म्हनजे माहे इवाई, रेवाराम. बायको लग्नाच्या आधीच वारली, घरात एकटाच मानूस. अन् जुन्या वळनाचा. लेकीच्या मांडीवर लेकरू येत नाई तोवर तिच्या घरचं पानी बी प्यायचं नाई, ही रीत आमच्याकडे होती. आता कोन पाळते? पन रेवाराम इवाई पाळून राहिले. दोन वर्षांत दोनदा आले, ते बी फाटकापासूनच. शेंगांची पिशवी दिली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला अन् चालले. मी चहाचं पातेलं चुलीवर ठेवून तशीच उभी. मानसाचा असा राग येते ना.

गुंजन रोज फोन लावे. "बाबा, जेवले का?" तिकडून एकच उत्तर. "जेवलो बाई, पोटभर." खरं-खोटं फोनवर कसं समजन? ते समजे भुऱ्यामुळं. गुंजन संध्याकाळी त्याच्यासमोर भात ठेवे. त्यानं सुंगून तोंड फिरवलं, म्हनजे बापानं सयपाक केला, कुत्र्याले बी दिला. अन् भुऱ्या भातावर तुटून पडला, म्हनजे तिकडे चूल पेटलीच नाई. त्या दिवशी माही सून ताटावर बसे, दोन घास चिवडे अन् उठे. मी तिच्यावर चिडे. पन खरं सांगते, सहा महिन्यांनी मी बी भात ठेवला की आधी त्या कुत्र्याच्या तोंडाकडेच पाहो.

मंग दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथं एका पाहुन्याच्या पोटरीले कोनाचं तरी कुत्रं चावलं. मालक कोन, तं कोनीच नाई. झालं, ठराव होता होता उन्हाळा लागला अन् पंचायतीनं नियम काढले. आमचा बोरटोला अन् खामटोला एकाच गटपंचायतीत, म्हनून दोन्हीकडे तेच नियम. कचऱ्याच्या घंटागाडीवर भोंगा लावून आठ दिवस तेच चालू. प्रत्येक कुत्र्याची नोंद करा. रेबीजची सुई टोचून घ्या. गळ्यात पट्टा बांधा. कुत्रं रस्त्यावर मोकळं सोडू नका. साखळीच्या दुसऱ्या टोकाले मानूस पाहिजे. एकटं फिरताना दिसलं तं गाडीत घालून तालुक्याले नेऊ.

नियम चांगलाच होता, मी नाई कुठं म्हनते? गल्लीतली लेकरं शाळेत जाताना काठी घेऊन जात होती. पन आमच्या घरी त्या नियमानं पंचाईत केली. हेमेंद्र सकाळी राइस मिलवर जाते, तो पाळीवर कुत्रा कवा फिरवन? भुऱ्याले बैलाच्या दाव्यानं बांधला. पहिल्या दिवशी तो पाळीकडे तोंड करून ओरडला. दुसऱ्या दिवशी ओरडला नाई, नुसता बसून राहिला. गुंजननं फोन लावला. "जेवलो बाई, पोटभर." गुंजन माह्याकडे पाहे अन् मी तिच्याकडे. आता त्या पोटभरचा पुरावा कोन देईन?

तिसऱ्या दिवशी तिचं ताट तसंच झाकलेलं पाहिलं अन् माहं डोकं फिरलं. पंचायतीत सुई टोचायचं शिबिर होतं. भुऱ्याले धरून, मी त्याले ओढून राहिली का तो मले, असं करत पोचली. तिथं रांगेत इवाई उभे, भुऱ्या दिसन म्हनून आलेले. दोन दिवसांत मानूस वाळल्यासारखा दिसून राहिला.

टेबलावर प्रफुल बसला होता, पंचायतीचा आपरेटर. "मालकाचं नाव?"

"लिही, रेवाराम," मी म्हनलं.

"नाई बाबू, गुंजन लिही," इवाई म्हनाले. "लेकीसंगं गेला तो. दिलेली वस्तू मी वापस घेत नसतो."

"दिलेली? मी कवा घेतली?"

"इहीनबाई, तो तुमच्याकडे झोपते."

"अन् खाते कोनाकडे? दिवसभर रखवाली कोनाची करते?"

मागं रांग लागली होती, लोक हसून राहिले. प्रफुलनं पेन खाली ठेवलं. "काकू, फारमवर दोन रकाने आहेत. एक मालक, एक पत्ता. मालकानं कुत्र्याले रोज फिरवून आनायचं, हे बी लिहिलं आहे. आता तुमीच ठरवा."

मले तवा काई सुचलं होतं, असं नाई. रागात तोंडातून निंगालं. "मालक रेवाराम. पत्ता माहा."

इवाईनं माह्याकडे पाहिलं. "मंग मले रोज यावं लागन."

"यावं लागन. सरकारी नियम आहे."

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या मानसानं येऊन आमच्या दारावर निळी पाटी ठोकली. सुई टोचनाऱ्याले घर सापडावं म्हनून. पाटीवर पांढऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कुत्र्याचे घर, क्रमांक ७'. माहा तं जीवच जळला. हेमेंद्रच्या बाबानं हे घर स्वतः माती तुडवून बांधलं, त्याईचं नाव कवा दारावर लागलं नाई, अन् कुत्र्याचं लागलं. हेमेंद्र पोट धरून हसला. "आई, आता आपन भाडेकरू," म्हने. मी सांडशी घेऊन पाटी उपटायले गेली, पन खिळे लांब होते.

इवाई नियमाले पक्के. रोज सकाळी पाळीवरून येत, फाटकातून साखळी घेत, भुऱ्याले तलावाकडे फिरवून आनत अन् खुंट्याले बांधून चालले जात. गुंजन रोज पान्याचा लोटा घेऊन उभी राहे. ते रोज हात हलवत. असे चार दिवस झाले. पाचव्या दिवशी ऊन असं तापलं, की वापस येईपर्यंत भुऱ्याची जीभ बाहेर अन् इवाईचे ओठ कोरडे. भुऱ्यानं घमेलं भरून पानी पेलं, चपचप आवाज करून. इवाई त्याच्याकडे पाहून राहिले. गुंजननं लोटा समोर केला. त्यायनं हात हलवला. पोरीचे डोळे भरले.

मले मंग राहवलं नाई. "इवाई, वाचता येते ना तुमाले?"

"सातवी शिकलो."

"मंग वाचा ते," मी दाराकडे बोट दाखवलं.

त्यायनं डोळ्यावर हात धरून वाचलं. "कुत्र्याचे घर, क्रमांक सात."

"कोनाचं घर?"

"कुत्र्याचं."

"अन् कुत्रा कोनाचा? पंचायतीच्या रजिस्टरात पाहून सांगा."

इवाई पाटीवरून भुऱ्याकडे पाहू लागले.

"लेकीच्या घरचं पानी चालत नाई, ठीक आहे. मी कुठं पाजून राहिली? पन तुमच्या सोताच्या कुत्र्याच्या घरचं पानी प्यायले कोन्या पुरखानं मना केलं, तेवढं मले सांगा."

इवाईनं पाटी पुन्हा वाचली, ओठ हलवत. खालचा पंचायतीचा शिक्का पाहिला. आयुष्यात कवा शिक्क्याच्या विरोधात गेले नाई ते. मंग हळूच चपला काढल्या, आंगन ओलांडलं अन् वसरीवर बसले. लोटा तोंडाले लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. "थंड आहे," म्हनाले. एवढंच.

गुंजननं ताट वाढलं. भात, वरन, वांग्याची भाजी. मी मुद्दाम सुपात तांदूळ घेऊन पाठ करून बसली, मानसाले लाज वाटू नये म्हनून. पन कान तिकडेच होते. भात दोनदा मांगतला त्यायनं. तिसऱ्यांदा गुंजननं न विचारता वाढला. त्यातला अर्धा त्यायनं भुऱ्याले घातला, तो खाऊन भुऱ्या त्याईच्या पायाशी पसरला अन् घोरू लागला.

ते पाळीकडे निंगाले तवा मी फाटकापाशी म्हनलं, "उद्या बी नियम आहे."

"माहीत आहे, इहीनबाई," ते म्हनाले, अन् हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याईचे दात पाहिले मी.

हेमेंद्र मिलवरून आला. पाटी एका बाजूनं वाकली होती, मी सांडशी घातली होती तिथं. मी त्याले हातोडा दिला अन् नीट ठोकून घेतली.

दिवस बुडाल्यावर गुंजननं भुऱ्यासमोर भात ठेवला. त्यानं सुंगला अन् तोंड फिरवलं. तिनं फोन लावला. मी चुलीपाशीच होती, सगळं आयकून राहिली होती. जेवले का, असं तिनं इचारलंच नाई. उद्या कायची भाजी करू, तेवढंच इचारलं.