तिसऱ्या मजल्यासाठी एक दाबा

मित्रांनो, मी एक जुनी मालवाहू लिफ्ट आहे. माझ्यामुळे एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण बदललं, एका प्रकाशिकेला सोडलेली नोकरी पुन्हा धरावी लागली आणि एका विदुषीने अर्धा किलो मसाला विकत घेतला.

छे, असं काही घडलेलंच नाही. मी बोलले नाही, तुम्ही ऐकलं नाही. मी सुरुवातीपासून सांगते, तुम्ही आत्ताच आल्यासारखा चेहरा करा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला तीन बाजूंनी पत्रा लावला, चौथ्या बाजूला सरकती जाळी लावली आणि डोक्यावर पंख्यासाठी भोक पाडलं. पंखा काही आला नाही. भोक अजून वाट बघतंय. मग मला पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीत एका तीन मजली इमारतीत आणून टांगलं. इमारत धर्मराजशेठची. "आमचे बापानं या जागेवर भात पिकवला," ते भाडेकरूंना सांगत, "मी गाळे पिकवतो. गाळ्याला पानी कमी लागतं." तळमजल्यावर नट-बोल्टचा कारखाना, पहिल्यावर श्रुतीताईंचा मसाल्याचा गाळा, दुसऱ्यावर मच्छरदाण्या शिवणारे, आणि तिसरा मजला रिकामा.

माझ्या आत एक पाटी आहे : 'फक्त मालासाठी. माणसांनी चढू नये.' माणसं ही पाटी मनापासून पाळतात. चढताना प्रत्येकजण हातात काहीतरी धरतो. एखादा डबा, छत्री, नाहीतर सुटा बोल्ट. मालाचे नातेवाईक म्हणून सगळे येऊन उभे राहतात.

स्वभावाने मी अस्वस्थ आहे. वर असले की खालचे ओरडतात, खाली आले की वरचे जाळी आपटतात. कुठेही पोचले की तिथून निघायची वेळ झालेली असते. मला सगळ्या मजल्यांचा उंबरठा ठाऊक आहे, पण एकाही मजल्यावर भिंतीला काय टांगलंय ते नीट बघून झालेलं नाही.

त्यात एकदा मी आजारी पडले आणि एक मेकॅनिक आला. तारा जोडताना तो फोनवर सासूशी बोलत होता. संभाषण नाजूक होतं. त्या भरात एक आणि तीनच्या तारांची अदलाबदल झाली. त्या दिवसापासून 'एक' दाबलं की मी तिसऱ्यावर जाते आणि 'तीन' दाबलं की पहिल्यावर. 'दोन' तेवढा प्रामाणिक राहिला, पण मधल्या भावंडाकडे कोण लक्ष देतं? चार दिवस लोक चिडले. मग शिकले. नवा माणूस आला की जुने सांगत, "तिसऱ्यासाठी एक दाबा." तोही शिकायचा. माणसाचा अंगठा हा फार गुणी प्राणी आहे. डोक्याला न विचारता काम करतो.

अशा इमारतीत चारुलताबाई आल्या.

त्या आधी ऐरोलीच्या एका कंपनीत बँकांची ॲप्स आखत. 'पुढे जा' हे बटण हिरवं असावं की निळं, हा त्यांच्या नोकरीतला मुख्य प्रश्न होता. बरीच वर्षं तो सुटला नाही, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि तिसरा मजला भाड्याने घेऊन यूएक्सची मराठी पुस्तकं काढायला लागल्या. यूएक्स म्हणजे काय? मला कळलं ते असं : वस्तू वापरताना माणसाला स्वतःची लाज वाटू नये, याचं शास्त्र. फोन अंगठ्याने चालतो म्हणून त्यांनी प्रकाशनाचं नाव ठेवलं 'अंगठा'.

धर्मराजशेठनी पाटी वाचली. "चारुताई, आमचेकडं अंगठा म्हंजे ज्याला लिवता येत नाय तो. पुस्तकवाल्याला नाव झकास हाय."

पहिलं पुस्तक निघालं : 'अर्ज भरताना रडू नये'. दुसरं, 'मागे जा : एका बटणाची गोष्ट'. गठ्ठे चढवायला-उतरवायला हौसेराव होते, साताऱ्याकडचे. गठ्ठे माझ्यातून खाली गेले, दुकानांत राहिले आणि काही महिन्यांनी धूळ घेऊन पुन्हा माझ्यातूनच वर आले. दुसऱ्या पुस्तकाचा तर जवळजवळ सगळा माल मागे आला. त्याने विषयाशी इमान राखलं.

"ताई," हौसेराव गठ्ठा टेकवत म्हणाले, "फुडचं जरा इनोदी काढा. हलकं आसंल."

चारुलताबाई हसल्या. पण माझ्यात एकट्या असल्या की त्या हसत नसत. छताच्या भोकाकडे बघत उभ्या राहत. तिसरं पुस्तक चाललं नाही तर 'अंगठा' बंद, हे त्यांनी फोनवर आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं.

तिसरं पुस्तक गीतांजली मॅडमचं होतं. मॅडम डिझाइन शिकवतात आणि माझ्या मोटरपेक्षा मोठ्याने बोलतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सरळ 'तीन' दाबलं. दोनदा पहिल्या मजल्यावर पोचल्या, तिसऱ्यांदा जिन्याने गेल्या आणि वरून त्यांचा आवाज आला, "चारू! काय भयानक लिफ्ट आहे! मला शेवटचं प्रकरण सापडलं!"

मित्रांनो, इतक्या वर्षांत कुणी माझ्याबद्दल विशेषण वापरण्याची ही पहिलीच वेळ. मला दिवसभर हलकं वाटत होतं.

मग काय, मॅडम आठवड्यातून दोन-दोनदा यायला लागल्या. माझे फोटो निघाले, वजनं झाली, लोकांच्या मुलाखती झाल्या. येता-जाता त्याही 'तिसऱ्यासाठी एक' शिकल्या. पुस्तकाचं नाव ठरलं 'कुठे दाबू?', आणि शेवटचं प्रकरण 'पावण्याची लिफ्ट : आधी आणि नंतर'. एका कॉलेजने ते अभ्यासक्रमाला लावायचं कबूल केलं. अट एकच होती : शेवटी यशस्वी उदाहरण पाहिजे. अभ्यासक्रमाला लागलं म्हणजे दर वर्षी मुलं घेणार, आणि गठ्ठे परत येणार नाहीत. त्या दिवशी चारुलताबाई माझ्यात चक्क गुणगुणल्या.

'आधी' तर मी होतेच. आता 'नंतर' करायचं होतं. धर्मराजशेठची परवानगी घेऊन तारा सुलट्या केल्या (मेकॅनिकला फोन बाहेर ठेवायला लावला) आणि बटणांची नवी पाटी आली. मोठे आकडे, एकसमोर मिरची, दोनसमोर डास, तीनसमोर पुस्तक. फारच सुंदर पाटी. मी स्वतः वाचून चुकीच्या मजल्यावर गेले नसते.

चाचणीच्या दिवशी कॅमेरा लावला. सगळे भांग पाडून आले. हौसेराव पाटीसमोर उभे राहिले, तिला जवळजवळ नमस्कार केला आणि बरोबर 'तीन' दाबून तिसऱ्यावर गेले. मच्छरदाणीवाले बरोबर गेले, नट-बोल्टवाले बरोबर गेले. एकही चूक नाही. मॅडमनी प्रकरण लिहून टाकलं. प्रुफं आली. छापखाना पलीकडच्याच गल्लीत होता. तिथल्या टेम्पोने दुसऱ्या दिवशी येऊन शेवटचं प्रूफ न्यायचं ठरलं.

ते प्रूफ वाचत वाचत चारुलताबाई सकाळी माझ्यात चढल्या. डोळे कागदावर. अंगठा आपोआप खाली गेला आणि त्याने 'एक' दाबलं. मी आता प्रामाणिक झालेली, पहिल्यावर थांबले. त्या वाचतच बाहेर पडल्या, वाचतच आत गेल्या, खिळ्याला पर्स अडकवली, मिरचीच्या पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हौसेराव, पंखा लावा."

श्रुतीताईंनी पंखा लावला. "चहा घेणार?" त्यांनी विचारलं.

जाळीतून मला सगळं दिसत होतं. चारुलताबाईंनी मान वर केली. पोत्याकडे पाहिलं. श्रुतीताईंकडे पाहिलं. मग मुकाट्याने पर्स काढून माझ्यात आल्या आणि त्या सुंदर पाटीसमोर उभ्या राहिल्या.

"मीच?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. माझ्या कोपऱ्यात मच्छरदाण्यांचा ढीग होता, त्याच्यामागे जाऊन बसल्या. थोड्या वेळाने हौसेराव गठ्ठा घेऊन चढले. इकडेतिकडे बघितलं, कुणी नव्हतं. अंगठ्याने 'एक' दाबलं. जाळी उघडताच मसाल्याचा वास. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आयला, आजबी! डोस्कं गेलं माझं. म्हातारा झालो म्या."

"हौसेराव, तुमचं नाही चुकलं," ढीग बोलला.

हौसेरावांच्या हातून गठ्ठा सुटला. "आरं तिच्या! मच्छरदानी बोलाया लागली!"

चारुलताबाई बाहेर आल्या. "रोज होतं का असं?"

हौसेराव जाळीकडे बघत राहिले. "समद्यांचंच हुतंय, ताई."

"मग कॅमेऱ्यासमोर?"

"तवा नीट बगून दाबलं की ओ. तुमचं पुस्तक हाय, तुमचं नुकसान नको म्हनून."

चारुलताबाईंनी खाली पडलेला गठ्ठा उचलून त्यांच्या हातात दिला. मीही उचलला असता, पण मला हात नाहीत.

दुपारी टेम्पो आला आणि हॉर्न वाजवायला लागला. त्याच वेळी गीतांजली मॅडम आल्या. चारुलताबाई प्रूफ घेऊन खाली आल्या होत्या, दोघींची गाठ माझ्यातच पडली.

"दे ना त्याला प्रूफ. थांबलीस कशाला?"

"मॅडम, शेवटचं प्रकरण खोटं आहे."

"वेडी झालीस का? व्हिडिओ आहे आपल्याकडे!"

"व्हिडिओ खरा आहे. त्यातली माणसं आपल्याशी चांगली वागत होती." त्यांनी सकाळचं सगळं सांगितलं. पोत्यासकट.

"अगं, मग होते की हळूहळू सवय!"

"तोवर हौसेराव स्वतःला म्हातारे समजणार. आणि आपण छापणार, की सगळं छान झालं."

"आणि कॉलेज? ते सोडणार तू? पुढचं पुस्तक कशावर काढणारेस?"

"माहीत नाही."

बाहेर हॉर्न. "चारू, तू ना, धंदा करायला बसलीच नाहीयेस. वर चल, नीट बोलू." मॅडम तावातावाने वळल्या. "पाटी स्वच्छ आहे. आकडे मोठे आहेत. शिकलेल्या माणसाची यात चूक होऊच शकत नाही!" आणि त्यांनी बटणावर अंगठा आपटला.

मी निघाले. मित्रांनो, मी काहीही केलं नाही, मला सांगितलं तिथे गेले. जाळी उघडली, मॅडम रुबाबात बाहेर पडल्या, चार पावलं आत गेल्या आणि शिंकल्या. मग पुन्हा शिंकल्या. समोर श्रुतीताई चाळण घेऊन उभ्या.

श्रुतीताईंनी चाळण खाली ठेवली.

"मला मसालाच घ्यायचा होता," मॅडम म्हणाल्या. "अर्धा किलो द्या."

पुडा घेऊन त्या परत माझ्यात आल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते मिरचीचं असावं. चारुलताबाई हसल्या नाहीत, फक्त रुमाल पुढे केला. मॅडमनी नाक पुसलं. "बदल प्रकरण," त्या म्हणाल्या. "पण शिंक घालायची नाही."

टेम्पो रिकामा गेला.

नवं प्रकरण दोघींनी तिसऱ्या मजल्यावर बसून लिहिलं. त्यातलं एक वाक्य चारुलताबाई माझ्यात मोठ्याने वाचत होत्या : 'आम्ही बटणं दुरुस्त केली, अंगठ्यांना विचारलं नाही.' शिंक घातली नाही. कॉलेजने उत्तर पाठवलं की विद्यार्थ्यांपुढे यशच ठेवावं लागतं, सबब क्षमस्व. पुस्तक मात्र निघालं. हौसेरावांनी पहिला गठ्ठा माझ्यात ठेवताना त्यावर हात फिरवला आणि 'जड हाय' असं एकदाही म्हणाले नाहीत.

आता चारुलताबाई पुन्हा ऐरोलीला जातात. हिरवं की निळं, ते अजून चाललंय. 'अंगठा'चं कुलूप संध्याकाळी उघडतं, आणि रविवारी. त्या आल्या की पायांत दिवसभराचा थकवा घेऊन येतात, आणि मी त्यांना जमेल तितक्या सावकाश वर नेते. तसं सावकाशच जाते मी, पण त्यात थोडं मन घालते.

माझा निकाल धर्मराजशेठनी लावला. "भांडन नको. जुनी बटनं पन ठेवा, नवी पन ठेवा." आता माझ्यात बटणांच्या दोन पाट्या आहेत, उलटी आणि सुलटी, आणि दोन्ही चालू. जुने जुनी दाबतात, नवे नवी. दोघांनी एकदम दाबलं की मी मजल्यांच्या मध्ये थांबते आणि आयुष्याचा विचार करते. पण आता स्वतःला म्हातारा कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, वस्तूंना जपा. लिफ्टचं बटण एकदाच दाबा. दहादा दाबल्याने मला दहा पाय फुटत नाहीत. जाळी आपटू नका. आणि चुकीच्या ठिकाणी पोचलात तर कपाळावर हात मारून घेऊ नका. मला शिव्या द्या, वजन पेलणं हे माझं कामच आहे.

शेवटी एक अर्ज. कुठे द्यायचा ते कुणीच सांगत नाही, म्हणून तुमच्याकडे देते.

प्रति,
तिसऱ्या मजल्याच्या वर जे कोणी सक्षम अधिकारी असतील ते.

विषय : मुक्काम मंजूर करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर लिफ्टची आजवरची विनाविश्रांती सेवा लक्षात घेता, श्रीमती चारुलता यांना ऐरोली येथील कामातून तत्काळ कार्यमुक्त करून दररोज सकाळपासून तिसऱ्या मजल्यावर पुस्तके काढत बसण्याचे आदेश निर्गमित व्हावेत. तसेच त्यांना वर पोचवल्यानंतर सदर लिफ्टला, खालून कोणीही कोणतेही बटण कितीही वेळा दाबले तरी, दिवस मावळेपर्यंत जाळी उघडी ठेवून तिथेच थांबण्याची परवानगी असावी. तोपर्यंत इतरांनी जिना वापरावा.

कळावे.