भाचीच्या मोटारी

प्रयोगशाळेचे प्रमुख तिचे सख्खे मामा, म्हणून सगळे तिला ‘भाची’च म्हणत. तिचे लाड होतात असं कुणी बोलू नये म्हणून मामा तिलाच जास्त फैलावर घेत. आज मायक्रोस्कोप कुणाकडे ठेवायचा ते ठरवणाऱ्या समितीच्या बाई येणार होत्या. भाचीच्या मोटारी हुकुमासरशी थांबल्या नाहीत, तर तो शेजारच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांना मिळणार होता. डॉक्टरांनी त्यासाठी टेबलसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं!

मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नव्हेत, पेशीतल्या प्रथिनांच्या. काचेवर चिकटवलेली ही प्रथिनं इवल्याशा नळ्या डोक्यावरून पुढे ढकलत. त्यांचं इंधन कुलूपबंद होतं. जांभळा प्रकाश पडला की कुलूप उघडायचं, दिवा विझला की उरलंसुरलं इंधन एक एन्झाइम फस्त करायचं. कागदावर सगळं झकास होतं. काचेवर मात्र दिवा विझवला तरी नळ्या थांबायचं नाव घेत नव्हत्या.

भाची रडकुंडीला आली. शेवटी तिनं मायक्रोस्कोपमधला फिल्टर काढून खिडकीपाशी धरला आणि तिची ट्यूब पेटली. नळ्या बघायला हिरवा प्रकाश लागे, त्याच्याबरोबर थोडा जांभळाही गळत होता. म्हणजे ती डोळा लावायची आणि तिकडे मोटारींची पंगत बसायची!

दुसरा फिल्टर शोधायला वेळ नव्हता. बाई, मामा आणि डॉक्टर दारात उभे होते.

“थांबवा पाहू,” डॉक्टर डोळा लावून म्हणाले.

“तुम्ही बघताय तोवर नाही थांबणार, सर.”

मामांचा चेहरा पडला.

“ती वाकड्या शेपटीची नळी लक्षात ठेवा,” असं म्हणून भाचीनं प्रकाशाची झडप लावली. “चला, बाहेर चहा घेऊ.”

चहा कुणालाच गोड लागला नाही. परत येऊन तिनं झडप उघडली, तर वाकडी शेपटी होती तिथेच! पळत असती तर केव्हाच नजरेआड झाली असती. सगळ्यांनी पाहिलं आणि लगेच नळीनं धूम ठोकली.

“अंधारात थांबतात खऱ्या,” बाई म्हणाल्या. “मायक्रोस्कोप इथेच राहू दे. पण हा प्रकाश गळतो कशातून?”

“फिल्टर जुना आहे, मॅडम. आमचा चांगला डॉक्टरांनी उसना नेला आणि हा बसवून दिला.”

मामांना भाचीचं इतकं कौतुक वाटलं की हसू लपवायला त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

बाई डॉक्टरांकडे नुसत्या बघत राहिल्या. आणि डॉक्टर पळत सुटले.