कोरड्यासाचा सिद्धान्त

परदेशात राहायला गेलं की माणसाला पहिल्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्व कमी पडतं आणि दुसऱ्या हिवाळ्यात आपली मुळं. पहिल्यावर गोळ्या मिळतात. दुसऱ्यावर मी पुस्तक लिहायला घेतलं.

मी निवेदिता. माहेर नगर शहरातलं; घरात तीन पिढ्या मास्तर, आमटीत गूळ आणि बोलण्यात व्याकरण. नवरा पार्थ पारनेर तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. अकरा वर्षं झाली, आम्ही हॉलंडमध्ये राहतो. तिथं माझ्या गूळ घातलेल्या आमटीत कुणाला काडीचा रस नव्हता. पण 'सासरचं गाव, दुष्काळी भाग, चूल' एवढं म्हटलं की डच पाहुणे चमचा खाली ठेवून ऐकायचे. मग मी माहेर गुंडाळून ठेवलं आणि सासर वाढायला लागले. त्यातूनच इल्सा नावाच्या एका प्रकाशिकेनं माझ्याकडे पुस्तक मागितलं.

पहिल्या प्रकरणाचं नाव 'कोरड्यास'. हा शब्द मला पार्थनं दिला. एकदा तापानं फणफणला होता, तेव्हा कण्हत म्हणाला, "आईच्या हातचं कोरड्यास पाहिजे." मी त्याला बटाट्याची कोरडी भाजी करून घातली. त्यानं ती निमूट खाल्ली. एवढ्या पुराव्यावर मी अठरा पानं लिहिली. कोरड्यास म्हणजे कोरडी भाजी. जिथं पावसाचा भरवसा नाही तिथल्या बायकांनी शोधून काढलेली पाण्यावाचून शिजवायची कला. दुष्काळाला ताटातून दिलेलं उत्तर. 'इथल्या प्रत्येक घासात न पडलेला पाऊस बोलतो' असंही एक वाक्य ठोकून दिलं होतं. ते वाचून इल्सा रडली. खोटं कशाला बोलू, मीही रडले.

छपाईला आठ दिवस उरले होते आणि एकच फोटो हवा होता: माझ्या सासूबाई, बनुबाई, चुलीपाशी कोरड्यास करताना. त्यासाठी आम्ही गावी आलो.

"आई, उद्या कोरड्यास करू या. फोटो काढायचाय," मी म्हटलं.

सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "त्याचा कशाला फोटू? तुमच्यासाठी पनीर आनलंय पारनेरवरनं."

"नाही, कोरड्यासच."

"बरं. कशाचं करू?"

"कशाचं म्हणजे? कोरड्यास म्हणजे कोरड्यास!"

त्यांनी पार्थकडे बघितलं. पार्थनं मोबाईलकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी घरात गॅस असताना मी त्यांना परसात चूल पेटवायला लावली, कपाटातलं नवं लुगडं नेसायला लावलं आणि कॅमेरा रोखून पातेल्यावरचं झाकण काढलं. आत हुलग्याची आमटी. लालभडक, वर तेलाचा तवंग आणि इतकी पातळ की तळाचे हुलगे मोजता आले असते.

"हे काय? कोरड्यास कुठंय?"

"ह्येच की."

"आई, यात तांब्याभर पाणी आहे!"

"एका तांब्यानं काय हुतंय? तीन वतल्यात."

मग त्यांनीच मला समजावलं, अगदी हळू आवाजात, शेजारीण ऐकेल म्हणून. "अवो, भाकर कोरडी असती. त्या कोरड्यास कायतरी लागतंय न्हवं? त्ये कोरड्यास. मंग आमटी असू, पिठलं असू, न्हाईतर वांगं असू."

म्हणजे कोरडी भाकरी होती, भाजी नव्हे. मास्तरांच्या तीन पिढ्या पाठीशी उभ्या असून मला चतुर्थी विभक्ती ओळखता आली नव्हती.

मी पार्थला गाठलं. "तू प्रकरण वाचलं होतंस ना?"

"दोनदा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढा अभ्यास करून लिहिलं होतंस," तो म्हणाला. "मला वाटलं, आम्हीच इतकी वर्षं चुकीचं खातोय."

मी ओट्यावर डोकं धरून बसले. ते प्रकरण काढलं तर पुस्तकात उरणार काय? आणि नाही काढलं तर कळणार कुणाला? इल्सा काही एसटीत बसून पारनेरला तपासणीला येणार नव्हती. एक फोटो, मग सगळं सुरळीत. मी बटाटे कुठं ठेवलेत ते विचारायला वळले, तर सासूबाई चुलीत लाकडं सारत होत्या. आमटी रटरटत होती.

"काय करताय?"

"आटिवते. तुमी लिव्हलंय न्हवं? आता तुमाला कुनी खोटं पाडाया नगं. हितनं म्होरं आमी कोरडंच करू. आळीतल्या बायांनाबी सांगून ठिवते."

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण त्या मनापासून बोलत होत्या. घामानं चेहरा डबडबला होता, धुरानं डोळे चुरचुरत होते आणि माझ्या अठरा पानांसाठी ही बाई स्वतःची आमटी आटवत होती.

"अकरा वर्षांत हा शब्द माझ्यासमोर एकदाही कसा आला नाही तुमच्या तोंडात?" मी विचारलं.

"तुमच्याम्होरं भाजीच म्हनते मी. आमचं बोलनं असलं आडगं. लाज वाटती."

आता लाज मला वाटली, माझीच. मी तांब्या उचलला आणि पातेल्यात रिकामा केला. मग परसातूनच इल्साला फोन लावला आणि प्रकरण काढायला सांगितलं.

"पण तो न पडलेला पाऊस?" तिनं कळवळून विचारलं.

"पडलाय," मी म्हटलं. "चार तांबे."

या प्रकरणावाचून पुस्तकात काही दम नाही, ती म्हणाली. तिथंच पुस्तक बारगळलं.

"काय म्हनली बाई?" सासूबाईंनी ताट पुढ्यात ठेवत विचारलं.

"पुस्तक निघणार नाही, आई."

त्या माझ्यासमोरच बसल्या. ताटात बाजरीची भाकरी होती आणि खोलगट ताटलीत आमटी. मी भाकरीचा इवलासा तुकडा मोडला, दोन बोटांत धरला आणि आमटीला नुसता टेकवून तोंडात टाकला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांचा धीर सुटला.

"आगं, चिमनीवानी काय टोचा मारती!" त्या ओरडल्या, शेजारणीला ऐकू जाईल अशा. "कुस्कर की समदी भाकर! हात घाल! आदी खायाला शिक, मंग लिव्ह!"

अकरा वर्षांत सासूबाई माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या. मला इतकं बरं वाटलं की मी पाचही बोटं आमटीत बुडवली.