दुसऱ्या मुलीची लेन्स

बोटाचं टोक वर करा पाहू. त्यावर पाण्याचा एक थेंब आहे, पण तो ओघळत नाही, दाबला तर नुसता वाकतो, अशी कल्पना करा. आता हा थेंब उघड्या डोळ्यात ठेवायचाय आणि डोळा म्हणतोय, मी मिटणार!

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका चष्म्याच्या दुकानात आतल्या आरशासमोर बसून वृंदाचं हेच चाललं होतं. ती आठवीतली, शाळेच्या कबड्डी संघातली. खेळताना चष्मा पडतो म्हणून तिला लेन्स हवी होती.

"परत मिटला, मावशी," ती रडकुंडीला आली.

"मिटू दे की. डोळ्याचं कामच ते," संध्या म्हणाली. "घाई नाही, बाळा. आपण परत करू."

संध्या त्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकांना लेन्स घालायला शिकवणं तिच्याकडेच असे. कोपऱ्यात स्टुलावर तिची मुलगी जिज्ञासा, नाकावर जाड चष्मा, गृहपाठ घेऊन बसली होती. शाळा सुटली की ती इथेच येई. तिची पेन्सिल थांबली. बाळा! विठ्ठलवाडीच्या घरी ती कधी बाळा नव्हती. घरी नुसतं 'आटप गं' आणि 'डोकं नको खाऊ'. वेणी घालताना आईचा कंगवा टाळूला टोचायचा. आणि इथे तीच बोटं एका परक्या मुलीची पापणी दुधावरची साय उचलावी तशी उचलत होती.

"मम्मी, माझं गणित बघ ना."

"दिसत नाही का काम चाललंय?" संध्या न वळता म्हणाली. मग आवाज पुन्हा मऊ. "हं वृंदा, लेन्स बघ. कडा वाटीसारख्या उभ्या आहेत ना? मग बरोबर. बाहेर पसरल्या तर ती उलटी. आता मधल्या बोटानं खालची पापणी ओढ, दुसऱ्या हातानं वरची धर. नजर वर."

डोळा मिटला. लेन्स गालाला चिकटली.

"हिला नाय जमणार," जिज्ञासा पुटपुटली.

संध्याने लेन्स सोल्यूशनने धुऊन डबीत ठेवली. तेवढ्यात बाहेरून तिला हाक आली. "हात कशाला लावू नकोस हं," असं वृंदाला सांगून ती काउंटरवर गेली.

मागोमाग मालक हरेशशेठ ताटली घेऊन आत आले. दुकानात आलेल्या माणसाला पापड-पाणी विचारायचंच, ही त्यांची सिंधी रीत. "खाओ बेटा. पापड खाके हिंमत आती है."

एवढं मोठं माणूस देतंय, नाही कसं म्हणायचं? वृंदाने मिऱ्याचा पापड मोडून खाल्ला आणि बोटं फ्रॉकला पुसली. जिज्ञासाने ते पाहिलं.

संध्या परत आली. "हात धुतलेत ना?"

"मघाशीच धुतले की, मावशी." वृंदा खोटं बोलत नव्हती. मधला पापड ती विसरून गेली होती.

जिज्ञासा गप्प बसली. झोंबू दे एकदा. मग उठून जाईल आणि परत म्हणून येणार नाही.

"किती शहाणी गं तू," संध्या वृंदाच्या बोटावर लेन्स ठेवत म्हणाली. "माझ्या घरी असतीस ना, तर रोज शिकवलं असतं तुला."

जिज्ञासाने दात आवळले. वृंदाचं बोट वर गेलं. या वेळी डोळा मिटला नाही. सांगितलं तसा वर बघत, भाबडेपणाने उघडा राहिलेला तो डोळा जिज्ञासाला आरशात दिसला. ती उठली आणि तिने वृंदाचा हात खाली ओढला. लेन्स फरशीवर पडली.

"जिज्ञासा! वेड लागलं का?"

"पापड खाल्लाय तिनं. मिऱ्याचा. मी बघितलं होतं."

संध्याने वृंदाची बोटं नाकाशी नेली. मग लेकीकडे पाहिलं. "मग मघाशी का नाही बोललीस?"

जिज्ञासाने वाकून फरशीवरची लेन्स उचलली. संध्याने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"चल बाळा, साबण लावू," ती वृंदाला म्हणाली. "ही लेन्स आता टाकायची. दुसरी देते." दोघी बेसिनकडे गेल्या.

जिज्ञासा आरशासमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. आता आरशात तिला स्वतःचा चेहराही धड दिसत नव्हता. आत नळ बंद झाला, तशी तिने हनुवटी वर केली, डोळे मोठे उघडले आणि पापणी लवू न देता ती वाट बघत राहिली.